अंगणातली मिलिटरी

माझ्या आत्याच्या यजमानांएवढा हट्टी माणूस कोल्हापुरात दुसरा नसेल, आणि कोल्हापुरात हट्टी माणसांचा तुटवडा आहे असं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही. आत्याचे यजमान म्हणजे आमच्याकडच्या रीतीने मामा. उभा जन्म त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर त्यांच्या बरोबरीचे मास्तर रंकाळ्यावर फिरायला जाऊ लागले, एकदोघांनी गुडघे बदलून घेतले. मामांनी मात्र कुरुंदवाडच्या एका शेतात चिंचेखाली सडत पडलेला मिलिटरीचा जुना ट्रक क्रेननं उचलून आणला आणि अंगणात विटांवर उभा केला. चाकं नव्हतीच. इंजिन होतं, पण त्यात उंदरांचा भरला संसार होता. आत्या दारात कपाळाला हात लावून उभी. "अवो, ह्यो चालतोय तरी का?" मामा म्हणाले, "अजून न्हाय." त्या 'अजून'ला पाच वर्षं लागली.

हा खटाटोप होता थोरल्या भावासाठी, अण्णांसाठी. धाकट्याला चित्रकला शिकता यावी म्हणून अण्णा शाळा सोडून फौजेत गेले आणि निम्मं आयुष्य असाच ट्रक डोंगरातून हाकत राहिले. आता त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता, दर वर्षी जग थोडं थोडं मिटत चाललं होतं. पुरतं मिटायच्या आत अण्णांना ह्या ट्रकात बसवून पन्हाळ्याला न्यायचं, एवढंच मामांच्या मनात होतं. तसं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण डॉक्टरकडून आले की ते ट्रकाखाली शिरत आणि जेवायलासुद्धा बाहेर येत नसत, त्यावरून आम्ही ओळखायचो.

त्या पाच वर्षांत आत्याच्या घराचं जे झालं ते शत्रूच्या घराचं होऊ नये. दुधाच्या पातेल्यात रॉकेल आणि रॉकेलात नटबोल्ट. देव्हाऱ्याखाली डायनामो. आत्यानं सूड म्हणून बॉनेटवर मिरच्या वाळत घातल्या, तर मामा म्हणाले, "घाल की. पत्रा तापतोय चांगला." दर दसऱ्याला बिनचाकाच्या त्या धुडाला झेंडूचा हार पडायचा आणि गल्ली हसायची. घरी आलेल्याची तर सुटकाच नव्हती. "पावणं, जरा हात लावा की!" म्हणत मामा त्याला सरळ कामाला जुंपायचे. त्यांच्या मुलीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी पोहे यायच्या आत गिअरबॉक्स उचलायला लावला. मुलाच्या पांढऱ्या शर्टाची वाट लागली. पाहुणे गेल्यावर मामांनी निकाल दिला, "पोरगा चांगला हाय. कण्हला न्हाय." लग्न जमलं, आणि जावई अजूनही सासुरवाडीला येताना जुनेच कपडे घालून येतो.

मी बँकेतला माणूस. माझ्याकडे बॅटरी धरायचं काम होतं आणि तेही मला धड जमत नसे. "बँकवाले," मामा ट्रकाखालून ओरडायचे, "उजेड बोल्टावर पाडा की! माझ्या टकलात काय बघायलायसा?" शेवटी त्यांनी मला कागदपत्रांवर बसवलं. घरात कायद्याचं वाचणारा मी एकटा, असा माझाही समज होता.

खरी लढाई झाली रंगाची. वरचा लाल, त्याखालचा पिवळा असे थर घासत मामा एकदाचे मूळच्या हिरव्यापर्यंत पोचले. तोही उन्हानं विटलेला. मग चित्रकलेचा मास्तर जागा झाला. तीन महिने नुसते डबे ढवळणं चाललं. दर रविवारी पत्र्याच्या तुकड्यावर नवा हिरवा लावून तो अण्णांसमोर उन्हात धरायचा. अण्णा डोळ्याला भिडवून बघायचे. "न्हाय. ह्यो पोपटी झाला." "ह्यो शेवाळ्यागत हाय." एका रविवारी मात्र त्यांनी तुकडा स्वतःच्या हातात घेतला आणि पुन्हापुन्हा डोळ्याशी नेला. मग म्हणाले, "ह्यो. ह्योच." त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांतच अण्णांना फक्त उजेड आणि अंधार कळायला लागला.

शेवटी चाकं बसली, इंजिन धडधडलं आणि ट्रक आरटीओत पासिंगला नेला. साहेबांनी भोवती दोन फेऱ्या मारल्या, पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, रंग एवढा हुबेहूब जमलाय, की पासिंग करता येणार नाही. मिलिटरीचा हिरवा खासगी गाडीला चालत नाही. कायदा आहे." मामांनी माझ्याकडे बघितलं. कागदांची ती जाडजूड फाइल मीच सहा महिने छातीशी धरून हिंडत होतो. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते नुसतंच म्हणाले, "चला घरी."

निळा रंग आत्यानं निवडला. मामांनी तो दोन दिवसांत मारून टाकला. वर्गात एका फटकाऱ्यासाठी दहा पावलं मागं सरून बघणारा माणूस, पण ह्या वेळी एकदाही मागं सरला नाही.

आम्ही पन्हाळ्याला गेलो. अण्णा मामांशेजारी, आत्या आणि मी मागं, प्रत्येक खड्ड्याला हवेत. चढ लागला तसे अण्णा आवाजावरूनच हुकूम सोडू लागले. "रडतीया बघ. खालचा गिअर दे की. हां! आता ओढतीया." एवढं मोठ्यानं बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. वर पोचल्यावर ते उतरले, चाचपडत पुढं आले आणि मडगार्डावर तळवा ठेवून त्यांनी विचारलं, "रंग त्योच न्हवं?"

नको तिथं खरं बोलायची मला खोड आहे. मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात आत्यानं दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर वळ होता.

"त्योच की, अण्णा," मामा म्हणाले. "तुमी पास केल्याला."

"झकास," अण्णा म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी हात काही उचलला नाही.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं होतील. खरं बोललं तर कुणाला काही लागण्यासारखं उरलेलं नाही. परवा मी सहज फोन केला आणि मामा कुठं आहेत म्हणून विचारलं. आत्या म्हणाली, "कुठं असणार? हिरव्या गाडीखाली हाईत."