शेळीच्या डोळ्यापायी मोडलेला मजमा

मजमा म्हणजे बाजारात माणसांचं कडं धरून ठेवणं. माल नंतर निघतो. आधी माणूस थांबला पाहिजे, आणि माणूस थांबतो नवल ऐकायला. आमचा माल दंतमंजन. उस्ताद घरी कुटायचे, मावशी पुड्या बांधायच्या. बाजारात नवलं सांगायचं काम उस्तादांचं, पुड्या फिरवायचं माझं.

मी भंडाऱ्याकडचा. आठवीत शाळा सुटली. रेल्वेच्या एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर येडशीला आलो, तापानं पडलो आणि टोळी पुढं निघून गेली. उस्ताद आणि मावशी, दोघं नवराबायको, माझे कोणी नव्हेत. पण त्यांनी पडवीत जागा दिली, कण्या खाऊ घातल्या. त्याला बरीच वर्षं झाली. अजूनही मावशी दुसरी भाकरी माझ्याकडं न बघता वाढतात, म्हणजे मला नको म्हणता येत नाही.

उस्तादांची नवलं अशी: समुद्रातल्या ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं. केळीचं झाड हे झाडच नव्हे, ते मोठं गवत. चीनची भिंत चंद्रावरून दिसते. हे शेवटचं खोटं आहे असं मी मोबाईलवर ऐकलं आणि उस्तादांना विचारलं, कुणी भर बाजारात धरलं तर? उस्ताद हसले. "चंद्रावर जाऊन कोण बघून येणाराय? नवल लई लांबचं असावं, बाबा. जवळच्या नवलानं धंदा बुडतो." मी मात्र त्या दिवसापासून प्रत्येक नवल चार ठिकाणी पडताळून बघू लागलो. नाहीतर झोप यायची नाही.

मग उस्तादांचा घसा बसला, तो बसलाच. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली. आमच्या इकडच्या वाशीच्या बाजाराला निघताना ते एसटीत माझ्या कानाशी लागले. "आज तुझ्या बोलण्यावर माणसं थांबली, तर धंदा तुझा. न्हाय थांबली, तर म्या बाजार बंद करतो. तू तुझ्या मुलखाला जा. तिकडं तुझी आई तरी हाय."

रागानं नव्हते म्हणाले. म्हणून जास्तच लागलं.

बाजारात कडं जमलं. मी ऑक्टोपसपासून सुरुवात केली. माणसं उभी होती. मग मी तेरचं काढलं: इथलंच तेर, दोन हजार वर्षांपूर्वी तिथलं कापड गाड्यांतून बंदराला आणि तिथून जहाजानं पार रोमकडं जायचं.

"तेर?" फेटेवाला एक म्हातारा म्हणाला. "माझी मेव्हणी दिलीय तिथं. तिनं तर कधी सांगितलं न्हाय."

कडं हसलं. दुसरा ओरडला, "ओ मंजनवाले, समोर दिसंल असं कायतरी सांगा की!"

समोर शेळ्यांचा बाजार होता. काळ्याभोर शेळ्या, लोंबते कान. मी घाईनं म्हणालो, "शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात!"

"आरं, दात बघूनच घेतो आमी शेळी! कुणाला शिकवतो?"

एकदोघं वळले. मला भंडाऱ्याची गाडी दिसू लागली. आणि मी बोलून गेलो, "मग डोळा सांगा! शेळीची बाहुली आडवी असते. ती मान खाली घालून चरते तेव्हा बाहुली उभी व्हायला पाहिजे की नाही? होत नाही. अख्खा डोळा आतल्या आत फिरतो आणि बाहुली जमिनीला धरून आडवीच राहते."

हे मी मावशींच्या शेळीवर बघितलेलं होतं, शंभर टक्के खरं. मग म्हातारा म्हणाला, "चला बघू." आणि अख्खं कडं मोडून शेळ्यांकडं गेलं. एकही पुडी उघडली नव्हती. उरलो मी आणि खोक्यावर बसलेले उस्ताद. ते माझ्याकडं बघत नव्हते.

पलीकडं गोंधळ उडाला. कोणी शेळीची हनुवटी उचलतंय, कोणी मान दाबतंय. एक शेळीवाला तणतणत आला. "काय सांगून ठिवलं रं? माझं गिऱ्हाईक म्हणतंय, डोळा फिरतोय म्हंजी शेळी आजारी हाय! सौदा मोडला माझा. चल, तूच सांग त्याला."

त्यानं दंड धरून नेलं. गिऱ्हाईक आडमुठं होतं. मी चार वेगवेगळ्या शेळ्यांच्या माना खाली करून दाखवल्या. "सगळ्यांचंच असं आहे, काका. चरताना लांडगा कुठूनही आला तरी दिसावा म्हणून."

"लांडगा व्हय," गिऱ्हाईक म्हणालं. "मग गेल्या साली माझी नेली ती?"

"ती बघत असंल तुझ्याकडं," म्हातारा म्हणाला, आणि सगळा बाजार हसला. त्यात गिऱ्हाईकही हसलं. कोणीतरी विचारलं, घोड्याचं कसं? मांजराचं उभं काहून? हा आमच्या भंडाऱ्याकडचा 'काहून', म्हणजे 'का', मला चिडवायला होता. मी उत्तरं देत गेलो. जे येत नव्हतं, त्याला येत नाही म्हणालो. शेळ्यांच्या लेंड्यांत उभा राहून मी बोलत होतो आणि गर्दी मगाच्या दुप्पट झाली होती. मंजनाचं मला भान नव्हतं.

ते उस्तादांना होतं. कधी आले कळलं नाही. गर्दीत शिरून ते न बोलता एकेकाच्या तळहातावर चिमूटभर मंजन ठेवत होते, आणि लोक माझ्याकडं बघत दात घासत होते.

परतीच्या एसटीत ते डॉक्टरांचं न ऐकता कुजबुजले, "आधी मंजन. मग शेळी."

"म्हणजे पुढच्या बाजाराला यायचं का आपण?" मी विचारलं.

फुकटचं मंजन दोनदा मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि खिडकीला डोकं टेकलं.