टायफॉइड म्हणून सांगितलेला ताप

मखमलाबादच्या मळ्यात कुसाबाईला कोणी तिच्या माणसांबद्दल विचारलं, की ती आधी अक्काचं नाव घ्यायची. अक्का म्हणजे तिची थोरली जाऊ, वत्सलाबाई. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून कुसाबाईचा नवरा गेला, तेव्हा तिचा मुलगा ओम जेमतेम शाळेत जायला लागला होता. सासऱ्यांनी तिला विंचूरला माहेरी धाडायचं ठरवलं. वत्सलाबाई आडवी आली. "ती इथंच राहील, तिच्या वाट्याची शेवंती ती पिकवील," म्हणाली आणि तिला फुलबाजारात नेऊन आपल्या शेजारी गोणपाटावर बसवलं. पुढं घरं वेगळी झाली, मधली भिंत तेवढी एक राहिली. अक्कानं सांगावं आणि कुसाबाईनं ऐकावं, अशी वर्षं गेली. ओमचं लग्न झालं, मनीषा सून म्हणून आली, तीही अक्कानंच पाहिलेली.

दोन हजार नऊच्या श्रावणात मनीषाला सातवा महिना होता. पुण्यात स्वाइन फ्लूनं माणसं दगावत होती. तिथली कॉलेजं बंद झाली आणि वत्सलाबाईचा तिथं शिकणारा मुलगा हर्षल घरी आला तो तापातच. खोकत होता, अंग मोडून आलं होतं.

"टायफॉइड हाय," वत्सलाबाई म्हणाली. "मेसचं खाऊन दुसरं काय होणार?"

कुसाबाईनं लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळवलेलं पोर. ती त्याच्या उशाशी बसली, कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या. मनीषानं दोन वेळा पेज करून नेऊन दिली.

हर्षल उठून बसायला लागला आणि मनीषा आडवी झाली. ताप, कोरडा खोकला, घसा धरलेला. कुसाबाई तिला गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोबत वत्सलाबाईही होती.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला. "पुण्याहून कोणी आलंय का घरी? आजारी माणसाजवळ बसली होती का ही?"

कुसाबाई म्हणाली, "पुतण्या आलाय, पण त्याला..."

"त्याला टायफॉइड," वत्सलाबाईनं वाक्य पुरं केलं. "रक्त तपासलंय त्याचं."

डॉक्टरांचा चेहरा सैल झाला. "मग साधा ताप दिसतोय. सिव्हिलला तपासणीला ही गर्दी आहे, पोटुशीला उगाच त्या रांगेत उभं करू नका. दम लागला तर मात्र थांबू नका." तापाच्या गोळ्या घेऊन तिघी घरी आल्या.

तिसऱ्या दिवशी मनीषाला दोन शब्द सलग बोलता येईनात. ओठ काळेनिळे पडले. ओमनं रिक्षा आणली. सिव्हिलमध्ये तोंडाला मास्क बांधलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या घशातला नमुना घेतला आणि त्याच हातानं स्वाइन फ्लूची गोळी सुरू केली.

"रिपोर्ट पुण्याहून येईल, त्यासाठी थांबायचं नाही," त्या म्हणाल्या. "गरोदर बाईला हा आजार जड जातो. ही गोळी पहिल्या दोन दिवसांत पोटात गेली की चांगली लागू पडते. उशीर का केलात?"

मनीषाला ऑक्सिजन लावून आत नेलं. कुसाबाई पाणी आणायला बाहेर आली, तर गोळ्या वाटायच्या खिडकीपाशी एक बाई पदरानं तोंड झाकून उभी होती. पातळ ओळखीचं होतं.

"अक्का? तू इथं कशाला?"

वत्सलाबाईनं हातातली पाकिटं पदराखाली घेतली. खिडकीतला माणूस तिच्यामागून सांगत होता, "मावशी, तुमचा मुलगा पॉझिटिव्ह आहे, घरातल्या सगळ्यांनी या गोळ्या पुऱ्या करायच्या. आणि आणखी कोण जवळ आलं असेल तर त्यांनाही पाठवा."

कुसाबाई म्हणाली, "तुला कधी कळलं?"

"त्यानं पुण्यात तपासणी केली होती, त्याचा फोन आला होता. तो आल्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे डॉक्टरांसमोर बसलो तेव्हा तुला ठाऊक होतं."

"कुसे, गणपती तोंडावर आलेत. मळ्यात ही बिमारी हाय म्हटल्यावर आपलं फूल कोणी हातात धरलं असतं का? तुझंही धरलं नसतं. मला वाटलं, मनीषाचा ताप उतरेल."

"तुझ्या घरातल्यांना गोळ्या आणल्यास. माझ्या सुनेला टायफॉइड सांगितलास."

वत्सलाबाईनं तिचा दंड धरायला हात पुढं केला. कुसाबाई मागं सरली आणि पाणी न घेताच आत गेली.

मनीषा वाचली. गणपती बसले आणि उठले तरी ती वॉर्डातच होती. पोर दिवसांआधी झालं, मुलगी, मुठीएवढी. ती काचेच्या पेटीत महिनाभर राहून घरी आली. वत्सलाबाई रोज डबा पाठवायची, ओम तो तसाच परत करायचा. त्याला आईनं काही सांगितलेलं नव्हतं. अक्काचं नाव निघालं की तिचं होणारं तोंड पाहूनच तो समजला होता.

एक दिवस हर्षल आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "काकू, फोन आला तेव्हाच मी आईला म्हटलं होतं, काकूला सांग, वहिनीला इकडं येऊ देऊ नको. ती म्हणाली, सांगितलंय. मग तापाच्या गुंगीत कोण आलं-गेलं, मला कळलंच नाही."

कुसाबाईनं त्याला आत घेतलं, चहा दिला. पोराचा तिला राग येईना. पण तो गेल्यावर ती चुलीपुढं बसून राहिली. आतापर्यंत ती मनाची समजूत घालत होती, की अक्का घाबरली, तिला सुचलं नाही. पण अक्काला तर चांगलं सुचवलं होतं, घरातल्याच माणसानं, वेळेवर.

दसऱ्याला फुलबाजारात ती अक्काशेजारची जागा सोडून पलीकडच्या रांगेत, लासलगावच्या बायकांत जाऊन बसली. कोणी कारण विचारलं तर म्हणायची, "इकडं सावली हाय."