गद्रे गुरुजींची नायिका

रोह्याचे गद्रे गुरुजी दिवसा लोकांची लग्नं लावतात आणि संध्याकाळी कादंबरीतल्या प्रेमिकांना मारतात. दर आठवड्याला एक प्रकरण ते स्वतःच्या आवाजात मोबाइलवर टाकतात.

हमरापूरला महिपतीच्या गणपतीच्या कारखान्यात बायका ते ऐकत मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. यंदा नायिकेने अंथरूण धरलं आणि गणपती उदास दिसू लागले. महिपती थेट रोह्याला आला.

"गुरुजी, गिऱ्हाईक इचारतंय, बाप्पाच्या घरात कोण वारलं? त्या पोरीला मारू नका."

"कथेची गरज आहे," गुरुजी म्हणाले.

"आमची नाय."

गुरुजी बेचैन झाले. त्यांची एकही नायिका आजवर वाचली नव्हती; ती मेल्याशिवाय साहित्य टिकत नाही, अशी त्यांची समजूत होती. पण रोह्यात येणाऱ्या याच मूर्तींची चतुर्थीला घरोघर त्यांनाच प्राणप्रतिष्ठा करायची होती. त्या डोळ्यांना डोळा कसा द्यायचा? लिहायला बसावं, उठावं, अंगणात फेऱ्या माराव्या, पुन्हा बसावं, असं चाललं. शेवटी त्यांनी नायिकेला बरं केलं आणि तिचं लग्न यथासांग लावलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. हात थांबेना, म्हणून सासरी पाठवणीही लिहिली.

प्रकरण आलं त्या दुपारीच महिपतीचा फोन.

"पोरगी वाचली, बरं झालं. पण पाठवणी कशाला लिवलीत? आमची सरू ब्रश टाकून बसलीय. सगळ्या बाया रडतायत."

जन्मभर लग्नं लावलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं.

"कुठल्या वाक्याला?" गुरुजींनी विचारलं.