नको म्हणणारा मासा

मालिनीकाकूंचं जेवणाचं बोलावणं आलं की वेस्ट विंडसरमधली आम्ही मराठी मंडळी आदल्या दिवसापासूनच पोट मोकळं ठेवायला लागायचो. काकू सांगलीच्या. अमेरिकेत येऊन वीस-बावीस वर्षं झाली, तरी त्यांच्या वाढण्यात तसूभरही फरक पडला नव्हता. बुफेचं नाव काढलं की म्हणायच्या, "ताट घेऊन रांगेत उभं राहायचं? लग्न आहे का रेशन?" त्यांच्याकडे सगळ्यांनी बसायचं आणि काकूंनी पदर खोचून वाढायचं.

'नको' या शब्दाचं त्यांचं शास्त्रही ठरलेलं होतं. पहिलं नको सभ्यतेचं. दुसरं संकोचाचं. तिसरं कदाचित खरं असेल, पण खात्री करून घ्यायला एकदा वाढून बघावंच. प्रिन्स्टनला शिकणाऱ्या एका मुलाने ताटावर आडवा हात धरला, तर काकूंनी त्याच्या हातावरच श्रीखंड वाढलं होतं. तो बिचारा दर गणपतीला हा किस्सा सांगतो आणि दर गणपतीला जेवायला काकूंकडेच येतो.

काकूंचे यजमान, मोरेश्वरकाका, नागपूरचे. एका औषधांच्या कंपनीत केमिस्ट होते. मोजकं बोलत, पण बोलले की टोचेल असं. त्यांना एकच नाद होता, रविवारी पार्कातल्या तळ्यावर जाऊन बास मासे धरायचे. लॅबमधल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने पूर्वी कधीतरी ही गोडी लावलेली. घर शाकाहारी, त्यामुळे मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि परत सोडून द्यायचा. काकूंना हे मुळीच पटत नसे. "बोलवायचं, तोंडाला टोचायचं आणि उपाशी परत पाठवायचं! ही कुठली रीत?"

२००४ च्या उन्हाळ्यात काकांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, रिपोर्टही चांगले आले. पण औषधांनी म्हणा, कशाने म्हणा, त्यांची तोंडाची चव पार गेली. अन्न समोर आलं की ते मान फिरवत. क्युपर्टिनोहून मुलगा, सौमित्र, आठवडाभर येऊन राहून गेला, त्याच्यासमोर दोन घास खाल्ले तेवढेच. वजन उतरत गेलं. शर्टाची कॉलर गळ्याभोवती हाराच्या घेरासारखी दिसायला लागली. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुढच्या भेटीत वजन आणखी उतरलेलं दिसलं तर पोटात नळी घालून अन्न द्यावं लागेल.

काकूंना हायवेवर गाडी चालवायची भीती वाटे. मला त्या वेळी व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती, म्हणून दवाखान्याच्या फेऱ्या माझ्याकडे होत्या. त्या दिवशी काकू फार्मसीत गेल्या असताना मागच्या सीटवरून काका हळूच म्हणाले, "राधिका, नळी लावली ना, तर मी काही त्यातून उठत नाही. मला माझं माहीत आहे."

मी आरशात पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. ज्या माणसाने कधी कशाची तक्रार केली नाही, त्याने इतक्या साध्या आवाजात हे सांगावं, याचीच मला भीती वाटली.

काकूंनी आपल्या परीने युद्ध मांडलेलंच होतं. शस्त्र एकच. तूप घातलेला गरम मऊभात. दर दोन तासांनी वाटी, चमचा आणि "एवढाच घास, माझ्यासाठी." काकांनी नको म्हटलं की दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग डोळ्यांत पाणी. मग काका कसेबसे गिळत आणि थोड्या वेळाने सगळं उलटून पडे. मी एकदा भीत भीत सुचवलं, "काकू, दुसरं काही देऊन बघायचं का?" त्या म्हणाल्या, "आजारी माणसाला मऊभाताशिवाय काय देतात गं? आणि नको काय सगळेच म्हणतात."

ऑक्टोबरमध्ये झाडं लाल-पिवळी झाली तेव्हा काकांनी दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "तळ्यावर ने."

गळाचा रॉड उचलून दोरा फेकायची त्यांना मनाई होती, टाके ओढले जातील म्हणून. तेव्हा काकू म्हणाल्या, "मी फेकते. तुम्ही नुसतं सांगा." त्यांनी रीतसर मासे धरायचं लायसन काढलं. ते कपड्यांवर दिसेल असं लावावं लागतं, म्हणून काकूंनी ते स्वेटरला सेफ्टीपिनने मंगळसूत्राच्या बरोबर शेजारी लावलं. भाड्याची बोट, वल्ही माझ्याकडे, पुढे काकू, मध्ये शाल पांघरलेले काका आणि त्यांच्या मांडीवर ल्यूरची पेटी. ल्यूर म्हणजे खोटं आमिष. कप्प्याकप्प्यांत चकचकीत पत्र्याचे, लाकडाचे, रबराचे मासे, बेडूक, किडे. काकू म्हणाल्या, "अगंबाई, ही तर सांगलीच्या बोरकरांच्या दुकानातली बांगड्यांची पेटीच!"

पहिल्यांदा आम्ही तळ्याच्या मोकळ्या पाण्यात थांबलो. काकूंनी चांदीसारखा चमकणारा ल्यूर फेकला. पहिली फेक माझ्या डोक्यावरून गेली, दुसरी बोटीतच पडली, तिसरी मात्र छान लांब गेली. रीळ गुंडाळायचं, परत फेकायचं. बराच वेळ काहीही झालं नाही. काकूंचा हात पेटीकडे वळला.

"तो हिरवा लावू का?"

"काहून?" काका म्हणाले. "याने काय बिघडवलं?"

"अहो, कोणी येतच नाही ना."

"कोणी आलंच नाही तर ल्यूरला कशाला बोल लावतेस? पंगतीला माणूस बसलेलंच नाही, आणि तू म्हणतेस भाजी बदलू. राधिका, त्या पडलेल्या झाडाकडे घे. पंगत तिकडे असेल."

काठावरून एक मोठं झाड पाण्यात कोसळलेलं होतं. त्याच्या फांद्यांजवळ पाणी स्वच्छ होतं, तळापर्यंत ऊन पोचलं होतं. मी बोट लांबच उभी केली. काकूंनी ल्यूर फांद्यांच्या कडेला टाकला आणि गुंडाळायला लागल्या. तेवढ्यात सावलीतून एक हिरवट, जाडजूड मासा निघाला. ल्यूरच्या मागे मागे, अगदी शेपटीला नाक लावून, बोटीच्या जवळपर्यंत आला. मासा क्षणभर थांबला, वळला आणि सावकाश परत गेला.

"आला होता!" काकू जवळजवळ किंचाळल्या. "लाजला हो. परत टाकते."

परत टाकला. परत तो आला, या वेळी अर्ध्यातूनच वळला. काकूंनी पुन्हा टाकला. या वेळी तो फांदीतून नुसता पुढे सरकला आणि थांबला.

"मालिनी, ल्यूर बदल."

"थांबा हो. मागे येतोय म्हणजे हवंय त्याला."

"पहिल्यांदा शेपटीपर्यंत आला, मग अर्ध्यापर्यंत, आता जागचा हलत नाही. तो नको म्हणतोय."

"पहिल्यांदा सगळेच नको म्हणतात."

"अगं, तो सांगलीचा नाही!"

मला हसू आवरेना. काकाही हसले, आणि पोटाला हात लावून "आई गं" म्हणाले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या खरोखरच कोड्यात पडल्या होत्या. रॉड मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, "मग खरं नको कुठलं आणि खोटं कुठलं, हे तुम्हाला कसं कळतं?"

काका शालीतून पुढे सरसावले. किती दिवसांनी त्यांना कोणी त्यांच्या माहितीचं काहीतरी विचारत होतं.

"आला ना, म्हणजे भूक आहे. वळला, म्हणजे हे नकोय. दोन्ही खरं. तू त्यातलं एकच ऐकतेस. जितक्यांदा तेच पुढे करशील तितका तो लांब जातो. शेवटी यायचाच बंद होतो. त्याआधीच बदलायचं."

"आणि बदलून काय द्यायचं?"

"पाणी गार झालंय, ऊन लख्ख आहे. त्याला हे चकाकणं, हे धावणं सोसत नाही. लहान काहीतरी दे. साधं. आणि देऊन गप्प बस."

काकांनी पेटीतून एक तपकिरी रबरी किडा काढला, करंगळीएवढा. स्वतःच्या हाताने गळाला लावला. गाठ पहिल्या फटक्यात बसली. काकूंनी तो फांदीच्या जरा अलीकडे टाकला. किडा हळूहळू तळाशी गेला आणि तिथेच पडून राहिला.

काकूंना काही करायला नसणं म्हणजे शिक्षाच. त्यांचा हात लगेच रिळाकडे गेला.

"राहू दे."

"जरासं हलवू?"

"नाही."

"त्याला दिसला तरी असेल का?"

"मालिनी, त्याच्याकडे बघू नकोस. तिकडे त्या बदकांकडे बघ."

काकू मोठ्या कष्टाने बदकांकडे बघत बसल्या. मीही बघत बसले. वारा पडला होता. आणि मग दोरा सरकायला लागला, अगदी हळू, कोणी शहाण्या मुलाने पानातली चटणी बोटाने ओढून घ्यावी तसा.

"आता!" काका ओरडले. "ओढ, ओढ!"

त्यापुढची पाच मिनिटं सांगता येण्यासारखी नाहीत. काकू उभ्या राहिल्या, मी "बसा, बसा" म्हणून ओरडले, बोट डुगडुगली, मासा पाण्याबाहेर उसळला, काकूंनी विठोबापासून सगळ्या देवांना हाका मारल्या. काकांनी शाल फेकून जाळी हातात घेतली होती. "दोरा सैल सोडू नकोस, वर धर, वर! शाब्बास!" मासा जाळीत आला तेव्हा काकूंचा अंबाडा सुटला होता आणि काकांच्या गालांवर रंग आला होता.

काकांनी गळ अलगद काढला. काकूंनी ओल्या हाताने माशाच्या पाठीला जेमतेम बोट लावलं, "जा बाबा," म्हणाल्या, आणि काकांनी त्याला पाण्यात सोडलं.

मग जेवणाची वेळ झाली. काकूंनी थर्मासचा डबा उघडला. मऊभाताची वाफ आणि तुपाचा वास सगळ्या बोटीत पसरला, आणि माझं सहज लक्ष गेलं, काकांची मान दुसरीकडे फिरली होती. पूर्ण नव्हे, अर्धीच. काकूंनीही ते पाहिलं. चमचा हातात तसाच राहिला. वाफ निघत होती. मी वाट बघत होते, आता म्हणतील, एवढाच घास.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. फिरकी घट्ट केली.

"राधिका," त्या म्हणाल्या, "तू काय आणलंयस गं तुझ्यासाठी?"

मी माझा डबा दिला. त्यात गार दहीभात होता, कढीलिंबाची फोडणी आणि लिंबाच्या लोणच्याची एक फोड. घरात उरलेला होता तोच उचलून आणलेला. आजारी माणसापुढे ठेवायची माझी छाती झाली नसती. काकूंनी डबा हुंगला. वाफ नाही, तुपाचा वास नाही. झाकणात दोन चमचे काढले, दोनच, आणि झाकण काकांच्या शेजारी फळीवर ठेवलं. काही म्हणाल्या नाहीत. पाठ फिरवून त्या तळ्याकडे तोंड करून बसल्या आणि मलाही डोळ्यांनीच खूण केली.

आम्ही दोघी पाण्याकडे बघत होतो. पलीकडच्या काठावर कुणीतरी कुत्र्याला चेंडू टाकत होतं. काकूंच्या हाताची बोटं एकमेकांत इतकी घट्ट गुंतली होती की नखं पांढरी पडली होती.

मागे झाकण फळीवर खरवडल्याचा आवाज झाला. मग चमचा. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा चमचा.

"लोणचं तू घातलंस का गं राधिका?" काका म्हणाले. "आंबट कळतंय मला."

काकूंनी मागे पाहिलं नाही. पण त्यांचे खांदे हलत होते.

त्यानंतर रोज संध्याकाळी काकूंचा फोन यायला लागला, जणू आमची दोघींची लॅबच चालू होती. गरम काही चालत नाही. तूप नाही. फ्रिजमधली सोलकढी चालली. दडपे पोहे दोनदा चालले, तिसऱ्यांदा वळले. "वळले" हा शब्द काकूंचाच. "आज वरणाकडे निम्म्यापर्यंत आले आणि वळले गं. लगेच उचललं मी. उद्या कैरीचं सार करून गार करते." नुसतं ठेवायचं आणि दुसऱ्या खोलीत जायचं, हे त्यांना सर्वांत जड गेलं. एकदा तर त्या गॅरेजमध्ये जाऊन उभ्या राहिल्या होत्या, कारण स्वयंपाकघरात राहिलं की आग्रह केल्याशिवाय राहवत नव्हतं.

डॉक्टरांच्या भेटीच्या दिवशी नर्सने काकांना काट्यावर उभं केलं. काकू भिंतीकडे तोंड करून होत्या. मी आकडा पाहिला, पण तो सांगण्याचा मान डॉक्टरांचा. डॉक्टर आले, कागद बघितले, म्हणाले, थोडं का होईना, वजन वाढलंय. नळीची गरज नाही. आता महिन्याने या.

पार्किंगमध्ये आल्यावर काकू फुटपाथच्या कडेवर मटकन बसल्या. "थांब गं जरा." मी त्यांच्याजवळ बसले. त्या रडत नव्हत्या, हसतही नव्हत्या, नुसत्या लांब लांब श्वास सोडत होत्या, वजन उचलून जिना चढून आलेल्या माणसासारख्या.

काका गाडीला टेकून उभे होते. म्हणाले, "चला, उठा. भूक लागलीय."

काकूंनी वर पाहिलं. "काय खाणार?"

हा प्रश्न त्यांनी संसारात कधी कुणाला विचारला असेल असं मला वाटत नाही. काका विचारात पडले. चांगलेच पडले. आणि काकू तिथेच, फुटपाथवर, हात मांडीवर ठेवून, ते ठरवेपर्यंत गप्प बसून राहिल्या.