साहेबांना आवडलेली आगगाडी

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि फावल्या वेळात एक ब्लॉग लिहितो. त्यात तीनच विषय असायचे: राजकारण, छोट्या आगगाड्या आणि रॉक संगीत. यांचा एकमेकांशी काय संबंध, असं बायको विचारायची. मला सांगता यायचं नाही. वाचणारे थोडेच, आणि त्यांतला सगळ्यांत जुना माझा कॉलेजातला मित्र. परभणीत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दर रविवारी दुपारी तो गिटार घेऊन यायचा. आम्ही माडीवरच्या खोलीत जुनी गाणी मोठ्यानं लावायचो आणि मी माझी खेळण्यातली आगगाडी फिरवायचो. प्लायवुडच्या फळीवर मी परभणीजवळच्या पिंगळीचं स्टेशन उभं केलं आहे, माझ्या लहानपणी मला दिसलं तसं. लिंबाची झाडं आहेत, सिमेंटचा बाक आहे, रुळांखालून जाणारं एक छोटं भुयारही आहे.

गेल्या पावसाळ्यात मी आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याबद्दल लिहिलं. त्यांनी रेल्वेखालच्या एका रस्त्याचं दोनदा उद्घाटन केलं होतं आणि दोन्ही वेळा आधी पंप लावून पाणी उपसावं लागलं होतं. माझ्या भुयारात पाणी साचत नाही, साहेबांनी एकदा येऊन बघावं, एवढंच मी लिहिलं. मित्र खूश झाला. त्यानं ते दिसेल त्या ग्रुपवर टाकलं.

चौथ्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, दोघं जण घरी आले. दोघांचेही कपडे पांढरेशुभ्र. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, बायकोला नमस्कार केला, चहा घेतला. साहेबांनी वाचलं, लय हसले, असं त्यांनी सांगितलं. मी शिकवतो ती संस्था कुणाची, तिथं मला किती वर्षं झाली, हेही त्यांना ठाऊक होतं. मग त्यांतला वयानं मोठा असलेला म्हणाला, "माडीवर रेल्वे हाय म्हणं तुमच्या." माडीचा उल्लेख मी ब्लॉगवर कधीच केला नव्हता. उठता उठता त्यानं भिंतीवरच्या माझ्या मुलीच्या फोटोकडे पाहिलं. "पोरगी बाहेरगावी शिकायलीय ना, सर? एकटीच राहती का?"

मी हो म्हणालो. ते का म्हणालो, मला आजही कळत नाही.

ते गेल्यावर मी तो लेख काढून टाकला. पासवर्ड दोनदा चुकला. मुलीला फोन केला, तिनं उचलला नाही. सुट्टी असूनही ती जादा तासाला होती. ते वीस मिनिटांनी कळलं, तोवर मी जिन्याच्या पायरीवर बसून होतो. पुढचे काही दिवस दारात मोटारसायकल थांबली की मी आधी खिडकीतून वाकून बघायचो. मग गाणी लावायची झाली तर मीच आधी खिडकी लावून घ्यायला लागलो.

महिन्याभरानं त्या दोघांतल्या वयानं मोठ्या माणसाचा फोन आला. साहेबांच्या वाढदिवसाला मुलांसाठी विज्ञान प्रदर्शन आहे, तुमची रेल्वे पाहिजे, टेम्पो पाठवतो. बायको म्हणाली, "न्हाई म्हणा. बिघडली म्हणून सांगा." मला तेवढंही जमलं नाही.

मंगल कार्यालयात साहेबांच्या भल्यामोठ्या फोटोखाली माझं पिंगळी मांडलं गेलं. साहेब आले, वाकले आणि गाडी भुयारावरून जाताना मन लावून बघत राहिले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ते लिवलेलं काढलं म्हणं तुमी. कशाला काढलं, सर? आमी काय खातो का तुमाला?"

सगळे हसले. मीही हसलो. नेमका तेव्हाच फोटो निघाला. त्यांचा हात जड नव्हता, उलट बापानं ठेवावा तसा होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तो फोटो गावभर फिरला. संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावून शाबासकी दिली. शिक्षकांच्या खोलीत मी शिरलो की बोलणं बदलायला लागलं. एका तरुण शिक्षिकेनं मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला ओळखता आलं, कारण ते मी महिनाभर आरशात बघत होतो.

मित्र दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, गिटार न घेता. फोटोबद्दल त्यानं काही विचारलं नाही. इकडचं तिकडचं बोलता बोलता तो त्याच्या दुकानासमोरच्या रस्त्याबद्दल चिडून काहीतरी सांगायला लागला, कोणी काम घेतलं, कसं अर्धवट सोडलं. आणि मध्येच थांबला. माझ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "हे तू तिकडं सांगणार न्हाईस ना?"

तीस वर्षांची आमची ओळख. मी म्हणालो, वेडा आहेस का. त्यानं मान हलवली, पण पुढचं काही सांगितलं नाही. चहा अर्धा ठेवून तो निघाला. मी जिन्यापर्यंत गेलो. मला त्याला सांगायचं होतं की मी घाबरलोय, अजूनही घाबरतोय, त्या दिवशी हसलो तेही घाबरूनच. पण खाली बाहेरचं दार उघडं होतं आणि रस्त्यावर कोणीतरी गाडी लावत होतं. मी नुसता हात हलवला.

ब्लॉगवर मी अजून लिहितो. फक्त आगगाड्यांबद्दल.