वासे नसलेल्या घराची माटोळी

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन दिवसांवर. पेडणे बाजारातल्या घरगुती सामानाच्या दुकानात, वरच्या मजल्यावर, क्षमा शेटगांवकर वेबसाईटवरच्या शोधांना गुण देत बसली आहे. गिऱ्हाइकाने शोधलेला शब्द डावीकडे, सापडलेल्या वस्तू उजवीकडे. हवी तीच वस्तू असेल तर तीन, संबंध नसेल तर शून्य. या गुणांवरून कुठली वस्तू वर दिसणार ते ठरते. चोपड्याहून स्कूटरने येऊन चार वर्षे ती हेच करते.

फोन वाजला. डिचोलीहून सुलोचनाबाई, दुकानाच्या गिऱ्हाईक. सुर्ल्याच्या एकत्र कुटुंबाच्या घरातून यंदा वेगळ्या झालेल्या. फ्लॅटमधली ही पहिलीच चवथ.

"अगो बाय, माटोळी म्हणून शोधलंय तर हूक आणि दोरयेच दिसतत. हूक मारूक वासो खंय असा? वर स्लॅब. भोक मारूक सोसायटी देणा नाय."

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची, रानफळांनी भरायची लाकडी चौकट. चवथीच्या आदल्या दिवशी ती बांधावीच लागते. दुकानाचा टेम्पो त्याआधी डिचोलीला एकदाच जाणार होता, उद्या.

क्षमाने यादी खाली ओढली. चार पायांवर उभी राहणारी चौकट दुकानात होती. चौथ्या पानावर, कपडे वाळत घालायच्या स्टँडच्याही खाली. शून्य गुण गेल्या वर्षी तिनेच दिले होते. चोपड्याला तिच्या घरी चौकट वाशांना कायमची बांधलेली आहे. पाय असलेली माटोळी तिला दुकानाच्या शोकेससाठी वाटली होती.

गोदामात विचारले. एकच नग शिल्लक होता. तिने तो सुलोचनाबाईंच्या नावे बाजूला काढायला सांगितला.

शेजारच्या टेबलावर वेबसाईट सांभाळणारा प्रज्योत ऐकत होता.

"सगळी गिऱ्हाइकां तुझ्याच घरात रवतत काय गो?"

"रवली असती तर भाडां घेतलं असतंय."

क्षमाने शून्याचे तीन केले, तरी वेबसाईटवर काही हलले नाही. नवे गुण रात्री चढतात. प्रज्योतने ते हातानेच चढवले, कुरकुरत. चौकट पहिल्या ओळीत आली, "उपलब्ध नाही" अशा शिक्क्यासह. क्षमाने ती तिथेच ठेवली आणि कारखानदाराला आणखी नग मिळतील का, ते विचारले. चवथीआधी नाहीत, म्हणाला. मग वस्तूच्या माहितीत तिने एक ओळ घातली: गावच्या वाशांच्या घराला हिची गरज नाही.

दुपारी सुलोचनाबाईंचा पुन्हा फोन. "पाय किती उंच? पंखो लागात."

क्षमाने मापे वाचली. पंखा मधोमध असेल तर लागेल, भिंतीकडे सरकवा, असे सांगितले.

"भिंतीकडेच गणपती बसतलो, मगे बरां," सुलोचनाबाई म्हणाल्या.

चौकट टेम्पोत चढली आहे. टेम्पो उद्या सकाळी साडेसातला सुटतो. पहिला थांबा डिचोली.