फोडणीची टोपी

ॲरिझोनात शिरलो त्याच दिवशी माझ्या मैत्रिणीनं मोटरहोमच्या छताला लावलेल्या धुराच्या अलार्मला शॉवर कॅप घातली. आमच्यापैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. कॅरी गावातल्या तिच्या घरी अलार्मला अशीच हॉटेलातून आणलेली टोपी असते. माझ्याही घरी असते, आणि माझ्या ओळखीच्या कितीतरी मराठी घरांत असते. तेलात मिरची पडली की तो अलार्म किंचाळायला लागतो. मग एकानं टॉवेल हलवायचा, दुसऱ्यानं दारं उघडायची, आणि वरच्या मजल्यावरून पोरांचं "आई, सीरियसली?" ऐकायचं. त्यापेक्षा टोपी बरी.

"मेला उगाच बोंबलतो," म्हणत ती बाकावर चढली, टोपी नीट ओढून बसवली, वरून रबर बँड लावला आणि खाली उतरून पोह्यांना फोडणी घातली.

आम्ही चौघं होतो. ती, तिचा नवरा, मी आणि माझा नवरा. इतकी वर्षं शेजारी राहिलो, मुलं एकमेकांच्या घरी जेवून मोठी झाली, आता ती आपापल्या वाटेनं गेलीत आणि दोघे पुरुष आयटीतून निवृत्त झालेत. थंडीत मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्यानं घेऊन वाळवंटात हिंडायची टूम तिच्या नवऱ्याची. ज्या घरात भांडी घासायलाही पाणी जपून वापरायचं ते घर कसलं, असं मी निघण्याआधीच सुनावलं होतं. माझं कोण ऐकतंय! पण खोटं कशाला बोलू, पहिल्या आठवड्यात मला फार मजा आली. सकाळी दार उघडलं की समोर माणसापेक्षा उंच निवडुंग, लांबवर तांबूस डोंगर आणि हातात आल्याचा चहा. संध्याकाळी घडीच्या खुर्च्यांवर बसून पत्ते. शेजारच्या मोटरहोममधलं गोरं आजी-आजोबांचं जोडपं येता-जाता हात करायचं.

मग एकेकाचं डोकं दुखायला लागलं. आधी मैत्रिणीचं, मग तिच्या नवऱ्याचं, मग आमचं. निदान करायला आम्हाला क्षणही लागला नाही. पित्त! प्रवास, अवेळी जेवण, वर तळलेलं फरसाण, दुसरं काय असणार? माझ्या नवऱ्यानं आमसुलाचं सार करायचा विडा उचलला. बाहेर खुर्च्या टाकून आम्ही गरम सार प्यायचो आणि थोड्या वेळानं खरंच डोकं उतरायचं. "बघ, कशी जादू आहे," असं तो प्रत्येक वेळी म्हणायचा. सारापेक्षा बाहेरच्या हवेचा गुण असेल, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

एक दिवस मैत्रिणीला उलटी झाली. "चला, पित्त पडलं," तिचा नवरा सुटकेनं म्हणाला. "आता बघ, मोकळं वाटेल." आणि बाहेर येऊन बसल्यावर तिला वाटलंही मोकळं.

आम्ही थांबलो होतो त्या उघड्या माळावर विजेची सोय नव्हती. वीज हवी असेल तेव्हा गाडीच्या पोटातला जनरेटर चालवायचा. मैत्रीण मुळात थंडीला भित्री. त्या दुपारी बोचरा वारा सुटला होता, जेवण झाल्यावर ती मागच्या बेडरूममध्ये आडवी झाली. तिला ऊब मिळावी म्हणून नवऱ्यानं जनरेटर सुरू केला, तिच्या पायाशी हीटर लावला, अंगावर दुसरं ब्लँकेट घातलं, आवाज नको म्हणून दार ओढून घेतलं आणि तो बाहेर माझ्या नवऱ्याशी बुद्धिबळ खेळत बसला. इतक्या मायेनं केलं सगळं.

मी शेजारच्या आजींबरोबर फिरून आले ते पिठल्याची तयारी करायला. अलार्मकडे लक्ष गेलं. टोपी तेलकट पिवळी झाली होती. मला घाण बघवत नाही. काढली, साबण लावून धुतली, नळावर वाळत टाकली आणि कांदा चिरायला घेतला.

अलार्म किंचाळला.

मी काय केलं असेल? टॉवेल उचलला आणि हलवायला लागले. सवयच तशी. चांगले चार-पाच हात मारले असतील, तेव्हा माझी नजर शेगडीवर गेली. शेगडी बंद होती. धूर नव्हता. कशाचा वासही नव्हता.

त्याहून मोठा धक्का पुढे होता. अलार्म कानठळ्या बसवत होता आणि दाराआडून "अगं, बंद कर ते!" अशी हाक आली नाही. ती पान हललं तरी जागी होणारी बाई. मी दार ढकललं. ती कुशीवर निवांत झोपली होती. मी हलवलं, ओरडले, थोबाडीत मारली. तिची मान नुसती घरंगळली.

अलार्म नेहमीचाच म्हणून बाहेर बसून राहिलेले पुरुष माझ्या किंकाळीनं धावत आले. ब्लँकेटसकट ओढत आम्ही तिला बाहेर आणलं आणि खडीवर ठेवलं. शेजारच्या आजोबांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती श्वास घेत होती, पण किती हळू! तिचा नवरा गुडघ्यांवर बसून सारखं एकच म्हणत होता, "हीटर मीच लावला रे. मीच लावला."

जनरेटरचा धूर बाहेर टाकणारा पाइप चिरला होता, आणि तो नेमका तिच्या पलंगाखाली. कार्बन मोनॉक्साइड, ज्याला ना रंग ना वास असा विषारी वायू. तो अलार्म धुराचा होता तसा त्याचाही होता. हे आम्हाला अग्निशमन दलाच्या जवानानं सांगितलं. सांगता सांगता त्यानं नळावरची टोपी उचलली आणि हे काय आहे, असं अगदी सभ्यपणे विचारलं. आम्ही तिघं उभे होतो, त्यात दोन इंजिनिअर.

हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी ती नीट बोलायला लागली. तिची मुलगी फोनवर आधी रडली, मग म्हणाली, "आई, शॉवर कॅप? ऑन द अलार्म? यू गाइज आर इनसेन!" मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता, आणि मला तिचा इतका राग आला होता आणि तिच्यावर इतकं प्रेम दाटून आलं होतं, की मी भिंतीकडे बघत राहिले.

परवा तिच्या घरी जेवायला गेलो होतो. आता ती बरी आहे, क्वचित एखादा शब्द आठवत नाही, एवढंच. आमटीच्या फोडणीत तिनं लाल मिरच्या टाकल्या आणि अलार्म सुरू झाला. त्याच्यावर टोपी नव्हती. तिचा नवरा टॉवेल घेऊन धावला.

"थांब," ती म्हणाली. "बोंबलू दे मेल्याला."

तिनं शेगडी बंद केली. मग आम्ही चौघं जिथल्या तिथे उभे राहून, तो आपणहून गप्प होईपर्यंत ऐकत राहिलो.